शुद्ध जर्सीचा घरचा गोठा रोज कसा चालवायचा: पहाटेच्या धारेपासून रात्रीच्या फेरीपर्यंत

पहाटे गोठ्यात शिरलं की लगेच दिवे लावून बादल्यांचा खडखडाट करायचा नाही. दारात दोन मिनिटं नुसतं उभं राहायचं आणि बघायचं. कोण बसलीय, कोण रवंथ करतेय, कोण दुसरीच्या पाठीवर चढतेय, कुणाची मान पोटाकडे वळलीय, गव्हाणीत कुणाचं खाणं तसंच पडलंय. आपण आवाज केला की सगळ्या उठून उभ्या राहतात आणि मग रात्रीत काय काय झालं ते कळायचं राहूनच जातं. आमच्याकडे ही सवय बाबांनी लावली, आणि आजारी गाय, माजावर आलेली गाय, विण्याला टेकलेली गाय, या तिन्ही बहुतेक वेळा याच दोन मिनिटांत सापडतात. म्हणून गाईडची सुरुवात धारेपासून न करता इथूनच करते.

आम्ही घरची चौघं मिळून शुद्ध जर्सी पाळतो आणि त्यांची पैदास करतो. नुसतं दूध काढणं वेगळं आणि पैदास वेगळी, कारण पैदासीत आज कुणाला कुठल्या वळूचं रेत दिलं त्याचं फळ तीन वर्षांनी त्या कालवडीच्या कासेत दिसतं. तोपर्यंत तुम्ही विसरलेले असता, वही विसरत नाही. वहीचं पुढे सांगतेच.

आधी धार. जर्सी मुळात शांत आणि माणसाळलेली गाय, पण तेवढीच मनाला लावून घेणारी. धारेच्या आधी ओरडाओरडा झाला, काठी दिसली, अनोळखी माणूस मध्येच आला की पान्हा चोरते. पान्हा येतो तो ऑक्सिटोसिनमुळे, सडाला हात लागल्यापासून साधारण मिनिटभरात दूध उतरतं आणि त्याचा जोर पाच-सात मिनिटंच टिकतो. म्हणजे तयारी करून मग गाय सोडून दुसरीकडे गेलात तर तो पान्हा वाया गेला. म्हणून क्रम ठरवून घ्या आणि रोज तोच ठेवा, माणूस पण शक्यतो तोच. प्रत्येक सडाच्या पहिल्या तीन-चार धारा काळ्या कपात काढून बघा, गाठी, दोरे किंवा पाण्यासारखं दूध दिसलं तर ती गाय शेवटी काढायची आणि तिचं दूध वेगळं. मग सड औषधात बुडवा, अर्धा मिनिट थांबा, आणि कोरड्या फडक्याने पुसा, एका गायीला एक फडकं, दुसरीला तेच लावायचं नाही म्हणजे नाही. दगडी, म्हणजे कासेची सूज, एका गायीची दुसरीला अशीच जाते. धार झाल्यावर परत सड औषधात बुडवायचे आणि गव्हाणीत ताजी वैरण टाकायची, कारण सडाचं तोंड मिटायला अर्धा तास तरी लागतो, तेवढा वेळ गाय खात उभी राहिली पाहिजे, शेणात बसता कामा नये. दूध लगेच गाळून दोन तासांच्या आत ४ अंशांपर्यंत थंड करायचं.

जर्सीचं दूध मोजताना लिटरवर जाऊ नका. मोठ्या जातीच्या गायीपेक्षा लिटर कमीच भरणार, पण फॅट ५ टक्क्यांच्या आसपास आणि प्रोटीनही जास्त. सायीचा जो पिवळेपणा दिसतो तो चाऱ्यातल्या बीटा कॅरोटीनचा, हिरवा चारा कमी झाला की तो उतरतो. रोज प्रत्येक गायीचं दूध वेगळं मोजून लिहा. एखादीचं एकदम दोन लिटर घटलं तर ते काहीतरी सांगतंय, माज असेल, पोट असेल, खूर दुखत असेल, नाहीतर कुठल्यातरी सडात दगडी सुरू होत असेल.

खाण्याचं थोडक्यात. गाय ४०० ते ४५० किलोची, लहान चणीची, म्हणून कमी खाते असं नाही, अंगाच्या मानाने भरपूर खाते. लांब धाग्याची वैरण आधी, खुराक नंतर आणि तोही दिवसात विभागून, एकदम ढीग खुराक टाकला की पोटात आम्ल वाढतं, शेण पातळ होतं आणि फॅट पडतं. दुपारी आराम करणाऱ्या गायी मोजा, निम्म्याहून जास्त रवंथ करत असल्या तर खाणं बरोबर चाललंय. पाणी दिवसभर समोर पाहिजे, एका लिटर दुधामागे चार-पाच लिटर पाणी लागतं असं धरून चाला. हौद रोज घासायचा. हात बुडवून बघा, ते पाणी तुम्ही स्वतः प्याल का? नसाल तर ओता.

आता वही, ज्याच्यासाठी खरं तर मी हे सगळं लिहायला घेतलं.

जर्सी ही जात इंग्लंड आणि फ्रान्सच्या मधल्या समुद्रातल्या जर्सी नावाच्या छोट्या बेटावरची. तिथे १७८९ मध्ये बाहेरून गायी आणायला कायद्यानेच बंदी घातली आणि वंशावळीची वही १८६६ पासून ठेवायला लागले. बाहेरच्या जर्सी वळूंचं रेत तरी आणू द्यायचं हे ठरायला २००८ उजाडलं. म्हणजे जगभरातल्या शुद्ध जर्सी मुळात एका लहान बेटावरच्या कळपातून पसरल्यात, रक्त आधीच जवळचं. वर हल्ली सगळे तेच नावाजलेले वळू वापरतात. त्यामुळे न बघता रेत भरत गेलात तर तीन पिढ्यांत नातीला आजोबाच लागतो, आणि मग गाभण न राहणं, वासरं किडकिडीत निघणं, वाढ खुंटणं हे सुरू होतं. बाप-लेकीच्या संबंधातून झालेल्या वासराचा अंतःप्रजननाचा, म्हणजे जवळच्या नात्यातल्या पैदाशीचा, आकडा २५ टक्के येतो, सावत्र भावंडांत साडेबारा, चुलत-मावस भावंडांत सव्वासहा. बरेच पैदासकार सव्वासहाच्या वर जात नाहीत, आम्हीही नाही.

तर प्रत्येक गायीचं एक पान करा. वर कानातल्या बिल्ल्याचा नंबर, जन्मतारीख, आई, बाप, आईचा बाप, बापाचा बाप. खाली माजाच्या तारखा, रेत दिल्याची तारीख आणि वेळ, स्ट्रॉवर (रेत भरलेल्या बारीक नळीवर) छापलेला वळूचा नंबर जसाच्या तसा, गाभण तपासणी, आटवल्याची (धार बंद केल्याची) तारीख, व्यायल्याची तारीख, वासरू काय झालं, किती किलोचं, काही त्रास झाला का. रिकामी स्ट्रॉ फेकायची नाही, त्या दिवसाच्या पानाला चिकटपट्टीने चिकटवून टाकायची. हे मी का सांगतेय तर आमच्याकडे एक कालवड झाली, फार देखणी, खोलगट कपाळ, काळं नाक आणि त्याभोवती पांढरी कडा, सगळं जर्सीचं. पण तिच्या आईला संध्याकाळी एका वळूचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माज टिकलाय म्हणून दुसऱ्याच वळूचं रेत दिलं होतं आणि दुसऱ्या वेळचा नंबर कुणी लिहिलाच नाही, प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याने लिहिलाय. नोंदणीला गेलो तर बापाच्या रकान्यात काय लिहायचं? शेवटी केसांचा नमुना देऊन डीएनए तपासणी केली तेव्हा कागद झाला, त्यात किती महिने गेले आणि तोपर्यंत तिला विकताही येईना की तिच्यासाठी वळू ठरवता येईना. दिसण्यावर शुद्धपणा ठरत नाही हो, संकरित गायसुद्धा हुबेहूब जर्सीसारखी दिसते. शुद्ध म्हणजे कागदावर आई-बाप दोन्ही शुद्ध. म्हणून वही दाराशी टांगलेली आणि तिला दोरीने बांधलेलं पेन, लिहिल्याशिवाय गोठ्यातून पाय बाहेर काढायचा नाही.

माज ओळखणं. माज साधारण २१ दिवसांनी येतो, १८ ते २४ मध्ये कधीही. दुसरी गाय वर चढली आणि ही खाली हलली नाही, शांत उभी राहिली, तर तो खरा माज. बाकी हंबरणं, काचेसारखी बळस (मागून येणारा चिकट स्राव), दूध घटणं, खाण्यावरून लक्ष उडणं ही सोबतची लक्षणं. जर्सी रात्री आणि पहाटे जास्त दाखवतात असा आमचा अनुभव, म्हणून ती दारातली दोन मिनिटं. सकाळी उभा माज दिसला तर संध्याकाळी रेत द्या, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी, कारण बीज सुटतं ते माज ओसरल्यावर दहा-बारा तासांनी. नायट्रोजनच्या भांड्यात उणे १९६ अंशांना ठेवलेली स्ट्रॉ ३५ ते ३७ अंशांच्या पाण्यात निदान ३० सेकंद ठेवून वितळवायची आणि लगेच वापरायची, खिशात घालून फिरायचं नाही, तळहातावर चोळायची नाही. रेत दिल्यावर २१व्या दिवसावर वहीत आधीच खूण करून ठेवा आणि त्या दिवशी त्या गायीवर लक्ष ठेवा, परत माजावर आली नाही तर महिना-सव्वा महिन्यानंतर डॉक्टरकडून तपासून घ्या, नुसतं 'राहिली असेल' यावर दोन महिने घालवू नका.

वळू निवडताना लोक फक्त दूध बघतात. मी म्हणते आधी आपल्या गायीत काय कमी आहे ते बघा. कास लोंबती असेल तर कासेची बांधणी देणारा, पाय अशक्त असतील तर पाय देणारा. आणि जेएच१ हा जर्सीतला आनुवंशिक दोष बघाच, वळूंच्या यादीत वळू त्याचा वाहक, म्हणजे स्वतः धडधाकट पण दोष पुढे देणारा, आहे की नाही ते दिलेलं असतं. वाहक गायीला वाहक वळू लावला तर चारातला एक गर्भ पोटातच जिरतो, बाहेरून फक्त एवढंच दिसतं की गाय उशिरा परत माजावर आली, आणि आपण गायीला दोष देत बसतो. कालवडीला वय बघून नाही तर वजन बघून भरवा, मोठेपणीच्या वजनाच्या ५५ ते ६० टक्के झालं की, चांगलं खाणं मिळालं तर हे तेरा ते पंधरा महिन्यांत होतं. गोठ्यात वळू ठेवायचा विचार असेल तर कृपा करून दोनदा विचार करा. जर्सी गाय जेवढी गरीब तेवढाच जर्सी वळू धोकादायक, आकाराने लहान म्हणून फसू नका, लहानपणी पाजलेला असला तरी त्याच्याकडे पाठ करायची नाही आणि एकट्याने त्याच्या जागेत शिरायचं नाही, मुलांना तर तिकडे फिरकूच द्यायचं नाही.

गाभणकाळ साधारण २८० दिवसांचा. विण्याच्या ६० दिवस आधी गाय आटवायची, कासेला विश्रांती मिळते आणि नवीन पेशी तयार होतात. आणि त्यातले विण्याच्या आधीचे शेवटचे तीन आठवडे जर्सीसाठी जिवाचे असतात.

कारण दुग्धज्वर, म्हणजे विण्याच्या सुमाराला रक्तातलं कॅल्शियम एकदम उतरणं. नावात ज्वर आहे पण अंग तापत नाही, उलट गार पडतं. एक लिटर चिकात २ ग्रॅमच्या वर कॅल्शियम जातं आणि गायीच्या रक्तात एका वेळी फिरणारं सगळं मिळून जेमतेम ३ ग्रॅमच्या आसपास. बाकीचं हाडातून आणि आतड्यातून ओढून आणावं लागतं, आणि जर्सीच्या आतड्यात ड जीवनसत्त्व धरणारे रिसेप्टर इतर जातींपेक्षा कमी, म्हणून ही जात यात जास्त सापडते, तिसऱ्या वेतापासून पुढे तर हमखास लक्ष ठेवा. चूक कुठे होते तर आपण मायेने भाकड गायीला लसूणघास, कॅल्शियमची पावडर, चांगलंचुंगलं चारतो. त्याने शरीर हाडातलं कॅल्शियम काढायचं विसरतं आणि व्यायल्याच्या दिवशी एकदम मागणी आली की कोसळतं. शेवटच्या तीन आठवड्यांत कॅल्शियम आणि पोटॅशियम कमी असलेली वैरण द्या, भरपूर खत घातलेल्या रानातला हिरवा चारा टाळा, जमलं तर डॉक्टरांच्या सल्ल्याने ऋणभारी क्षार (अ‍ॅनायोनिक सॉल्ट) द्या, आणि गाय फार लठ्ठही होऊ देऊ नका. व्यायल्याबरोबर तोंडावाटे द्यायचं कॅल्शियम द्या, गाय उभी आणि नीट गिळत असेल तेव्हाच, आणि बारा तासांनी परत एकदा.

आमची एक गाय यातच गेली. चौथं वेत, संध्याकाळी सुखरूप व्याली, कालवड उठून प्यायली, आम्ही सगळे खूश. रात्री ती मान पोटाकडे वळवून बसली होती, आम्हाला वाटलं दमलीय, झोपलीय. पहाटे ती गेलेली होती. त्या दिवसापासून आई व्यायलेल्या गायीचे कान दर दोन तासांनी हातात धरून बघते. नुसतं बोट लावून नाही, पूर्ण कान मुठीत घेऊन, बुडापासून टोकापर्यंत. टोक गार लागलं, नाकपुडी कोरडी पडली, मागचे पाय अडखळायला लागले, शेण घट्ट झालं किंवा थांबलंच, तर सकाळ होईपर्यंत थांबायचं नाही, त्याच क्षणी डॉक्टरला फोन. शिरेतून कॅल्शियम द्यायचं काम डॉक्टरचंच, बाटली अंगाइतकी कोमट करून, हळूहळू, हृदयाचे ठोके ऐकत, घाईने दिलं तर हृदय बंद पडतं. डॉक्टर येईपर्यंत गाय आडवी पडली असेल तर तिला छातीवर बसती करा, दोन्ही बाजूंनी गवताच्या पेंढ्यांचा टेकू द्या म्हणजे पोट फुगणार नाही. आणि बसलेल्या गायीच्या तोंडात पाणी, औषध, काहीही ओतू नका, तिला गिळता येत नसतं, ते फुप्फुसात जातं. मागच्या वर्षी एक अशीच रात्री दीडला गार पडली, आईने कान धरल्यावर कळलं, बाटली लावल्यावर पंधरा-वीस मिनिटांत तिने ढेकर दिला, अंगावर थरथर आली, शेण टाकलं आणि उठून उभी राहिली. तो ढेकर ऐकून आई तिथेच खाली बसली. उठली तरी पुढचा एक दिवस लक्ष ठेवावंच लागतं, कारण पुन्हा कोसळू शकते.

विणं त्यामानाने सोपं. जर्सीची वासरं लहान, २५ किलोच्या आसपास, बहुतेक वेळा गाय स्वतःच मोकळी होते, आपण स्वच्छ कोरडी जागा द्यायची आणि लांब उभं राहायचं. पाणमोट फुटल्यावर तासभर काहीच पुढे सरकलं नाही, किंवा एकच पाय दिसतोय, किंवा तळवे आभाळाकडे आहेत, तर डॉक्टरला बोलवा, दोरी लावून ओढाओढ नको. वार (गर्भाभोवतीचं आवरण) बारा तासांत पडायला पाहिजे, नाही पडली तर तीही हाताने ओढायची नाही.

वासराचं मात्र लगेच. नाकातोंडातला चिकटा पुसा, गायीला चाटू द्या, जोरात घासून कोरडं करा, बेंबी ७ टक्के आयोडीनमध्ये बुडवा, नुसती शिंपडायची नाही. आणि चीक, पहिल्या दोन तासांत वजनाच्या एक दशांश, म्हणजे जर्सीच्या वासराला अडीच लिटर. आतड्याची दारं तासातासाला मिटत जातात, २४ तासांनी प्रतिकारशक्ती रक्तात जाणं जवळजवळ बंद. नुसतं आईखाली सोडलं तर किती प्यायलं ते कळत नाही, म्हणून आम्ही काढून बाटलीने पाजतो. ब्रिक्स मीटर (चिकाचा कस मोजायचं छोटं यंत्र) असेल तर चिकाचा एक थेंब टाकून बघा, २२ किंवा वर आलं तर चांगला, तो जास्तीचा असेल तर गोठवून ठेवा, एखाद्या रात्री उपयोगी पडतो. जर्सी वासराच्या अंगावर चरबीचा थर नसतो, थंडीत पटकन गार पडतं, त्यामुळे पाय पूर्ण बुडतील एवढं गवत खाली पाहिजे, आणि थंडीच्या दिवसात दुधाची एक वेळ वाढवा. तोंडात बोट घालून बघा, जीभ आणि हिरड्या कोमट लागल्या आणि त्याने बोट ओढायला सुरुवात केली की काळजी नाही. गार लागल्या तर आधी ऊब द्या.

त्याच दिवशी बिल्ला, त्याच दिवशी वहीत नोंद, दोन्ही बाजूंचा फोटो पण. जुळं झालं आणि त्यात एक पाडा, एक पाडी असेल तर ती पाडी बहुतेक वांझ निघते, पैदाशीला ठेवायच्या आधी तपासून घ्या. शिंगांच्या कळ्या पहिल्या काही आठवड्यांतच, भूल आणि वेदनाशामक देऊन काढून घ्या, उशीर केला तर त्या जिवाचे हाल होतात.

संध्याकाळची धार सकाळसारखीच, त्याच क्रमाने, त्यात नवीन सांगण्यासारखं काही नाही. झोपायच्या आधी एक फेरी. पाणी चालू आहे का, कुणाच्या गळ्यात दावं अडकलंय का, वासरांच्या खालचं गवत ओलं झालंय का. आज कुणी व्यालेली असेल तर तिच्या कानापर्यंत जायचं, वहीत वेळ आणि 'कान गरम' एवढं लिहायचं, आणि पुढची पाळी ज्याची आहे त्याच्या फोनला गजर लावूनच घरात यायचं.